स्वतः रचलेली लोकगीतं घरी रेकॉर्ड करून ऑनलाइन टाकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात बसून गाणी रचणारे, ती फोनवर किंवा एखाद्या साध्या माइकवर रेकॉर्ड करणारे हौशी गायक-वादक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. खालच्या सगळ्या उत्तरांमागे एकच धारणा आहे. लोकगीताच्या वळणाचं गाणं नुसतं ऐकण्यासाठी नसतं, ते आणखी कुणीतरी उचलून गावं यासाठी असतं. माइक कुठे ठेवायचा इथपासून इतरांना गाणं वापरू देणारा परवाना कोणता निवडायचा इथपर्यंतचे बहुतेक निर्णय ही गोष्ट लक्षात ठेवली की सोपे होतात.

गाणं मी काल रचलं. त्याला लोकगीत म्हणता येईल का?

आज नाही, पुढे कदाचित. आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने १९५४ साली ब्राझीलमधल्या साओ पावलो इथे लोकसंगीताची एक व्याख्या स्वीकारली. परंपरा तीन गोष्टींनी घडते, असं त्यात म्हटलं होतं: भूतकाळाशी जोडणारं सातत्य, व्यक्तीच्या किंवा गटाच्या प्रतिभेतून होणारे बदल, आणि कोणतं रूप टिकेल हे ठरवणारी समाजाची निवड. याच व्याख्येत आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. एका माणसाने रचलेलं गाणंही पुढे समाजाच्या अलिखित, जिवंत परंपरेत मुरलं तर ते लोकसंगीतच मानावं, असं त्यात स्पष्ट आहे. उलट जे तयार उचललं आणि जसंच्या तसं राहिलं, ते लोकसंगीत नव्हे.

म्हणून टाकताना ‘नवं गाणं, लोकगीताच्या वळणाचं’ असं काहीतरी लिहा आणि रचणाऱ्याचं नाव द्या. स्वतःच्या गाण्यावर ‘पारंपरिक’ असा शिक्का मात्र मारू नका. काहीजण विनयापोटी तसं करतात, पण त्याने दुहेरी नुकसान होतं. गाणं बेवारस समजून कुणीही उचलतं, आणि जुनी गाणी गोळा करणाऱ्या अभ्यासकांची दिशाभूल होते ती वेगळीच.

माझा आवाज शिकलेला नाही. तरी टाकू?

जरूर टाका. जगातल्या लोकगीतांच्या संग्रहांमध्ये घरच्या, शेतातल्या, कष्टकऱ्यांच्या आवाजांनी मोठी जागा व्यापलेली आहे. लोकगीतं गोळा करणारे जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा ॲलन १९३३ साली अमेरिकेच्या दक्षिण भागात अवजड ध्वनिमुद्रण यंत्र गाडीत घालून फिरले. तुरुंगांतही गेले. लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात त्यांना लेडबेली हा गायक भेटला. त्या वेळची रेकॉर्डिंग आज लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतल्या ग्रंथालयात जपलेली आहेत. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कुणी गाण्याची तालीम घेऊन माइकसमोर बसलेल्या नव्हत्या.

सूर मात्र सांभाळायला हवा. शिकलेला आवाज नसला तरी चालतं, पण चाल नीट पोहोचली नाही तर ऐकणाऱ्याला ती उचलता येत नाही. स्वतःला झेपेल त्या पट्टीत गा. सगळ्यात वरचा सूर लावताना मान ताणली जात असेल, तर पट्टी एक-दोन स्वरांनी खाली आणा.

शब्द रचताना कशाकडे लक्ष द्यावं?

तोंडाकडे. कागदावर छान दिसणारी ओळ गाताना अडखळते, कारण डोळ्यांना जोडाक्षरांचं ओझं कळत नाही. समजा, घरदार सोडून निघालेल्या माणसांवर गाणं आहे आणि पहिली ओळ अशी सुचली:

*स्थलांतराच्या प्रवासासाठी निघाले सर्व*

अर्थ पोहोचतो, पण पहिल्याच मात्रेवर ‘स्थ’ येतो आणि ओळ ‘र्व’वर संपते. त्या अक्षरावर सूर लांबवताच येत नाही. हीच गोष्ट अशी म्हणून पाहा:

*पाठीवर बिऱ्हाड गं, वाट धरली साऱ्यांनी*
*उंबऱ्याला सांगून आलो, येतो पुन्हा पेरणीला*

आता ओळी ‘नी’ आणि ‘ला’ अशा मोकळ्या अक्षरांवर संपतात, सूर हवा तेवढा ओढता येतो. मधला ‘गं’ही उगाच आलेला नाही. गं, रं, जी, हो ही अक्षरं म्हणजे गाणाऱ्याला श्वास घ्यायला आणि बाकीच्यांना सूर मिळवायला ठेवलेली जागा असते. नव्या रचनांत ती जुनाट वाटतात म्हणून गाळली जातात, आणि मग गाणं एकट्याचंच राहतं.

ध्रुवपद छोटं ठेवा. एकदा ऐकून म्हणता यावं इतकं छोटं. कडवी कितीही असू द्या, पण प्रत्येक कडव्यात एक नवी गोष्ट घडू द्या. माणूस, वस्तू, जागा, हवामान असं काहीतरी दिसलं पाहिजे. ‘जीवन’, ‘वेदना’, ‘संघर्ष’ हे शब्द ओळीत आले की त्यांच्या जागी हाताला लागेल अशी एखादी वस्तू बसते का ते पाहा. बहुतेक वेळा बसते. बोलीत रचत असाल तर ती बोली खरोखर तुमच्या तोंडची असावी. दोन-चार ग्रामीण क्रियापदं चिकटवून केलेली बोली ती बोलणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळते.

चाल सुचली, पण ती आधीच कुणाची असेल तर?

ही शंका घेणं चांगलं. नकळत झालेली उचलही कायद्याने उचलच धरली जाते. १९७६ साली अमेरिकेतल्या एका खटल्यात बीटल्समधले जॉर्ज हॅरिसन यांच्याविरुद्ध निकाल लागला. त्यांनी जाणूनबुजून नक्कल केली असं न्यायालय म्हणालं नाही, पण चाल अबोध मनातून आलेली असली तरी ते उल्लंघनच, असं ठरलं.

तपासायला दोन उपाय आहेत. गूगलच्या मोबाइल ॲपमध्ये २०२० पासून गुणगुणून गाणं शोधायची सोय आहे, तिथे आपली चाल शब्दांशिवाय गुणगुणून पाहा. आणि वेगवेगळ्या वयाच्या माणसांना ऐकवून ‘हे कशासारखं वाटतं?’ एवढंच विचारा. ‘आवडलं का?’ असं विचारलंत तर उपयोगाचं उत्तर मिळणार नाही. लोकसंगीतात सुरावटींचे ठरावीक तुकडे सगळ्यांच्याच कामी येतात, तेव्हा चार स्वरांचं साम्य दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. मुखड्याची पूर्ण ओळ जुळत असेल तर मात्र चाल बदला.

जुन्या पारंपरिक चालीवर माझे नवे शब्द बसवले तर चालतं का?

चालतं. शतकानुशतकं हेच होत आलं आहे. फक्त ‘शब्द माझे, चाल पारंपरिक’ असं लिहा, आणि चाल कुणाकडून शिकलात तेही सांगा. आजीकडून, शेजारच्या काकांकडून, जिथून आली तिथून. खासगी माणसाचं नाव त्याच्या परवानगीशिवाय देऊ नका, पण नातं किंवा परिसर तरी यावा.

एक खबरदारी घ्या. चाल पारंपरिक आहे हे स्वतः तपासा. सिनेमातलं जुनं गाणं सगळ्यांच्या ओठावर असतं म्हणून ते पारंपरिक होत नाही. तुम्ही चाल एखाद्या रेकॉर्डिंगवरून उचलली असेल, तर त्यातली खास वाद्यरचना त्या कलाकाराची असू शकते. तेव्हा मूळ चालीपुरतं घ्या, साज तुमचा असू द्या.

याची दुसरी बाजूही आहे. लोकांच्या गाण्यावर कुणीतरी मालकी सांगतं. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीत गायल्या गेलेल्या ‘वी शॅल ओव्हरकम’ची अनेकांच्या तोंडी घडलेली रूपं १९६० च्या दशकात हक्कांखाली नोंदवली गेली होती. पुढे खटला झाला, २०१७ मध्ये न्यायालयाने पहिल्या कडव्यापुरता तो दावा फेटाळला आणि २०१८ मध्ये तडजोड होऊन गाणं सर्वांसाठी खुलं झालं. तुम्ही स्वतः चाल पारंपरिक असल्याचं आणि ती कुठून आली हे नोंदवून ठेवलंत, तर पुढच्या कुणालातरी असा वाद टाळता येईल.

रेकॉर्डिंगसाठी काय विकत घ्यावं लागेल?

पहिल्या गाण्यासाठी काहीच नाही. हातातल्या फोनवर सुरुवात करा. माइकपेक्षा खोली जास्त फरक पाडते. रिकाम्या, फरशीच्या खोलीत आवाज भिंतींवरून उलटून येतो आणि शब्द विरघळतात. तो घुमारा नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. कपाटाची दारं उघडी टाका, गाद्या-रजया भिंतीशी उभ्या करा, जाड पडदे ओढा. कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटाकडे पाठ करून गायलं तर फोनच्या माइकपर्यंत पुष्कळ स्वच्छ आवाज पोहोचतो. पंखा बंद करा. फ्रिजची घरघर कानाला सवयीची झालेली असते, रेकॉर्डिंगमध्ये ती स्पष्ट उतरते. फोन विमान मोडवर टाका.

फोनचा माइक बहुधा खालच्या कडेला असतो. फोन हातात धरू नका, मऊ कापडाच्या घडीवर किंवा स्टँडवर ठेवा. तोंडापासून वीतभर अंतर, आणि तोंडाच्या रेषेतून किंचित बाजूला. त्याने ‘प’, ‘फ’, ‘भ’ची फुंकर थेट माइकवर आदळत नाही. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये आवाज आपोआप साफ करण्याची सोय असेल तर ती बंद करा. ती बोलण्यासाठी बनवलेली असते, तंतुवाद्याचा विरत जाणारा नाद ती गोंगाट समजून खाते. वेव्ह किंवा लॉसलेस (आवाजातलं काही न गाळणारा) असा पर्याय असेल तर तोच निवडा.

पुढे माइक घ्यायचाच झाला तर आधी घराचा विचार करा. कंडेन्सर माइक नाजूक बारकावे पकडतो, पण रस्ता, शेजार, कुकरची शिट्टी हेही तितक्याच बारकाईने पकडतो. बऱ्याच कंडेन्सर माइकना ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या तारेतूनच येणारी वीज लागते, ती माइक संगणकाला जोडणाऱ्या इंटरफेस नावाच्या पेटीतून मिळते. गोंगाटाच्या घरात डायनॅमिक माइक जास्त कामाचा. शूअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ पासून रंगमंचांवर दिसणारा माइक त्याच जातीचा. दिशा धरणाऱ्या अशा माइकच्या फार जवळ गेलं की आवाजातला खर्ज वाढतो. कुणाला ते आवडतं, पण शब्द गढूळ होतात.

पातळी ठरवण्यासाठी गाण्यातला सगळ्यात जोराचा भाग आधी गाऊन पाहा. रेकॉर्डरमधला पातळीचा काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान टेकला पाहिजे. शून्याला लागला तर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही.

वाद्य आणि गाणं एकदमच रेकॉर्ड करावं की वेगवेगळं?

माझं मत स्पष्ट आहे: एकदमच. स्वतःच वाजवून गाणाऱ्या माणसाची लय श्वासाबरोबर थोडी पुढेमागे होते आणि गाण्याची गोडी त्यातच असते. आधी वाद्य मोजून-मापून रेकॉर्ड केलं की गळा त्या मापात कोंबावा लागतो. एकच माइक पुरतो. तो हातभर अंतरावर ठेवा आणि आवाज-वाद्याचा तोल माइक वरखाली सरकवून साधा. वाद्य फार पुढे येत असेल तर माइक तोंडाकडे उचला, एवढंच.

दोन माइक लावलेच, तर त्यांच्यातलं अंतर प्रत्येक माइकच्या आपापल्या स्रोतापासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवा. नाहीतर दोन्हींतला आवाज एकमेकांना खातो आणि गाणं पोकळ ऐकू येतं. मागाहून कोरस किंवा दुसरं वाद्य भरायचं असेल तर कानात वायरचे हेडफोन घाला. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोहोचतो, ताल चुकतो आणि आपलाच ताल कच्चा आहे असं वाटत राहतं.

वाद्य कोणत्या पट्टीत लावावं?

जगभर प्रमाण मानलेला ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्‌झचा. फोनवरच्या ट्यूनरने तेवढं जुळवलंत, तर तुमच्यासोबत वाजवू पाहणाऱ्याला आपलं वाद्य पुन्हा लावत बसावं लागत नाही. घरातलं जुनं वाद्य त्यापेक्षा खाली-वर असेल आणि हलवता येत नसेल, तर तसं लिहून टाका. तारा गरम हवेत उतरतात, म्हणून प्रत्येक टेकच्या आधी पुन्हा पाहा.

रेकॉर्डिंग झाल्यावर किती सफाई करावी?

कमीत कमी. ऑडॅसिटी हे २००० सालापासून उपलब्ध असलेलं मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसं आहे. सुरुवातीची आणि शेवटची खुडबुड कापा. ८० हर्ट्‌झच्या खालचं काढून टाका, कारण तिथे गळ्यातलं फारसं काही नसतं, वाहनांची आणि पावलांची धडधड असते. खोलीची सततची सरसर काढायची असेल तर शांततेचा दोन-तीन सेकंदांचा तुकडा नमुना म्हणून द्या आणि परिणाम हलका ठेवा. आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटू लागला की हात आखडता घ्या. सूर आपोआप सरळ करणारी साधनं वापरू नका. लोकगायनातल्या हरकती आणि दोन स्वरांच्या मधल्या जागा त्यांना चुका वाटतात, आणि त्या पुसल्या की चालीचा जीवच जातो.

गाणं फार मोठ्या आवाजात दाबून भरण्यात अर्थ उरलेला नाही. यूट्यूब आणि स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्स (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) या पातळीच्या आसपास गाणी आणतात. त्याहून मोठं दिलंत तर ते खाली ओढतात, आणि तुमच्या दाबण्याने गेलेले चढउतार मात्र परत येत नाहीत.

फाइल कोणत्या प्रकारात ठेवावी?

मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅक (काही न गमावता लहान केलेली फाइल). सीडीच्या दर्जाची स्टीरिओ वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी होते. एक माइक असेल तर मोनोच ठेवा, निम्मी जागा लागेल. एमपीथ्री फक्त पाठवण्यासाठी, आणि तीसुद्धा मूळ प्रतीवरूनच बनवा. एमपीथ्री उघडून पुन्हा एमपीथ्री केली की दर वेळी काहीतरी कमी होतं.

टाकायचं कुठे?

एका ठिकाणी ऐकणारे असतात, दुसऱ्या ठिकाणी गाणं टिकतं. दोन्हींचा विचार करा.

यूट्यूबवर लोक असतात आणि शोधणाऱ्याला सापडतं. स्थिर चित्र लावलं तरी चालतं, पण बोटं दिसतील असा साधा व्हिडिओ केलात तर शिकणाऱ्याला फार मदत होते. चेहरा दाखवायचा नसेल तर नुसते हात आणि वाद्य दाखवा. साउंडक्लाउड ध्वनीपुरतं सोपं आहे, मात्र मोफत खात्यावर एकूण वेळेची मर्यादा असते. बँडकँपवर, २००८ पासून सुरू असलेल्या या जागी, गाण्यासोबत शब्द आणि टिपण नीट देता येतं आणि ऐकणाऱ्याला चांगल्या दर्जाची फाइल उतरवून घेता येते. स्पॉटिफायवर एकट्या माणसाला थेट गाणं चढवता येत नाही, मध्ये वितरक लागतो.

आणि टिकण्यासाठी इंटरनेट अर्काइव्ह. १९९६ मध्ये सुरू झालेली ही ना-नफा संस्था गाणी मोफत ठेवते, मूळ वेव्ह-फ्लॅक स्वीकारते आणि खुला परवाना जोडू देते. तिथे ऐकणारे कमी येतील, तरी तिथे एक प्रत ठेवाच. ऑनलाइन सेवा बंद पडतात, नियम बदलतात, खाती गोठतात, आणि त्यांच्यासोबत गाणी जातात.

गाण्यासोबत काय लिहावं?

हा प्रश्न फार थोडेजण विचारतात आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोझेस ॲश यांनी १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फोकवेज ही ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. त्यांच्या मुद्रिकांसोबत पुस्तिका असे. त्यात गाण्याचे शब्द, गाणारे कोण, गाणं कुठलं, अशी माहिती. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने तो संग्रह घेतला तेव्हा त्यात २,१६८ अल्बम होते आणि ते सगळे कायम मिळत राहतील अशी अट होती. त्या पुस्तिकांमुळे आजही कुणी ती गाणी शिकू शकतं, संदर्भासह समजून घेऊ शकतं.

तुमच्या टिपणात पूर्ण शब्द हवेत, सगळी कडवी, बोलीतले उच्चार जसेच्या तसे. अवघड शब्दांचे अर्थ खाली. पट्टी लिहा: ‘काळी एक’ असं लिहिलंत तर पेटीवाल्याला कळेल, शेजारी ‘सी शार्प’ लिहिलंत तर गिटारवाल्यालाही. ताल, साधारण लय, गिटार असेल तर कॉर्ड. शब्द कुणाचे, चाल कुणाची, गायलं कुणी, वाजवलं कुणी, कधी आणि कशावर रेकॉर्ड केलं. गाणं कशावरून सुचलं याच्या दोन ओळी असतील तर छानच, पण गाण्याचा अर्थ समजावून सांगत बसू नका.

नाव देवनागरीत द्या आणि माहितीत रोमन लिपीतही एकदा लिहा, कारण बरेच जण तसंच टाइप करून शोधतात. फाइलचं नाव ‘नवीन रेकॉर्डिंग ७’ असं राहू देऊ नका. फाइलच्या आत गाण्याचं नाव, गायक, साल ही माहिती भरायची जागा असते, तीही भरा. फाइल एकाकडून दुसऱ्याकडे फिरते तेव्हा वर्णन मागे राहतं, आतली माहिती तिच्यासोबत जाते.

हक्क (कॉपीराइट) मिळवण्यासाठी गाणं नोंदवावं लागतं का?

नाही. लेखक-कलाकारांच्या हक्कांविषयीच्या १८८६ च्या बर्न करारात असलेल्या देशांमध्ये हक्क आपोआप मिळतो. मुदत किमान लेखकाचं आयुष्य आणि पुढे ५० वर्षं. भारतात ती आयुष्य आणि ६० वर्षं आहे, युरोपीय संघात आयुष्य आणि ७०. नोंदणी ऐच्छिक असते, पण अमेरिकेसारख्या ठिकाणी तिथल्या रचनाकाराला दावा लावण्याआधी ती करावी लागते.

स्वतःलाच बंद पाकिटात गाणं टपालाने पाठवायचा सल्ला अजूनही फिरतो. त्यावर विसंबू नका. रचनेची वही, तारखेसह कच्ची रेकॉर्डिंग, ऑडॅसिटीची मूळ फाइल हे सगळं जपून ठेवा. गाणं घडत कसं गेलं हे त्यातून दिसतं, आणि नक्कल करणाऱ्याकडे तेच नसतं.

लक्षात ठेवा, हक्क दोन असतात: शब्द-चालीचा वेगळा आणि त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा वेगळा. परवाना देताना दोन्हींबद्दल बोला.

क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे नेमकं काय आणि मी कोणता परवाना निवडू?

तुमचा हक्क तुमच्याकडेच ठेवून लोकांना आधीच दिलेली परवानगी. हे परवाने २००२ च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा आले, आणि बहुतेक जण वापरतात ती ४.० ही आवृत्ती २०१३ ची. श्रेय देणं सगळ्यांतच बंधनकारक. फरक पुढच्या अटींत.

लोकगीताच्या वळणाच्या गाण्याला ‘बदल करायला मनाई’ ही अट लावू नका. ती लावली की दुसऱ्या गायकाला कडवं बदलून, बोली बदलून गाणं पुढे पाठवता येत नाही. जगभरातल्या जुन्या गाण्यांची रूपं याच बदलांतून तयार झाली. अभ्यासक फ्रान्सिस चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात इंग्लंड-स्कॉटलंडची ३०५ कथागीतं प्रसिद्ध केली, तेव्हा एकेका गाण्याची अनेक रूपं शेजारीशेजारी छापावी लागली, इतकी ती ठिकठिकाणी बदलली होती.

माझी पसंती ‘श्रेय द्या, आणि बदललेलं रूपही याच अटींवर खुलं ठेवा’ या परवान्याला. त्यामुळे कुणी तुमच्या गाण्यात भर घातली तरी ती भरही बंद दाराआड जात नाही. ‘व्यापारी वापर नको’ ही अट आकर्षक वाटते, पण तिची रेषा धूसर आहे. तिकीट लावलेल्या छोट्या कार्यक्रमात गायलेलं गाणं कुठल्या बाजूला पडतं, यावर गायक बिचकतो आणि गातच नाही.

एक मोठी सावधगिरी: हा परवाना दिल्यावर मागे घेता येत नाही. तुम्ही फाइल काढून टाकू शकता, पण आधी घेतलेल्यांचा हक्क राहतो. आणि तुम्ही एखाद्या रॉयल्टी वसूल करणाऱ्या संस्थेचे सभासद असाल, तर खुला परवाना द्यायची मुभा आहे का ते तिच्या करारात आधी वाचा.

माझ्याच गाण्यावर यूट्यूबने हक्काचा दावा दाखवला. आता?

घाबरू नका, गाणं काढूनही टाकू नका. २००७ पासूनची कंटेंट आयडी ही यंत्रणा तुमचा आवाज तिच्याकडच्या नमुन्यांशी यंत्रानेच ताडून पाहते. पारंपरिक चाल दुसऱ्या कुणी व्यावसायिक मुद्रिकेत गायलेली असली की ती तुमच्यावरही बोट ठेवते. दावा उघडून कोणत्या मिनिटावर आणि कोणत्या गाण्याशी साम्य दाखवलंय ते ऐका. मग हरकत नोंदवा आणि साध्या वाक्यांत लिहा: शब्द माझे, चाल पारंपरिक, रेकॉर्डिंग माझं स्वतःचं. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस असतात, तोवर गप्प राहिला तर दावा सुटतो. रागाने लांबलचक लिहिल्याने काही होत नाही. तारखेसह जपलेली कच्ची रेकॉर्डिंग इथे कामी येतात.

कुणीतरी माझं गाणं बदलून गायलं आणि मला ते आवडलं नाही.

श्रेय दिलंय का ते पाहा. दिलं असेल आणि परवाना तुम्हीच दिला असेल, तर त्यांना गाऊ द्या. मूळ रूप तुमच्या पानावर आहेच. तुमचं नाव त्या रूपाशी जोडलेलं नको असेल तर तसं सांगता येतं, या परवान्यांत तशी सोय आहे. श्रेय दिलं नसेल तर आधी सभ्यपणे कळवा. ४.० आवृत्तीत चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर परवाना पुन्हा लागू होतो, आणि बहुतेक लोक तेवढ्याने नाव घालतात.

मित्रांनी साथ केली. गाणं कुणाचं?

टाकायच्या आधी ठरवा आणि चार ओळींत लिहून सगळ्यांनी पाहा: शब्द, चाल, साथ कुणाची, परवाना कोणता, पैसे आले तर वाटणी कशी. लहान मुलांचा आवाज किंवा चेहरा असेल तर पालकांची परवानगी घ्या आणि मुलाचं पूर्ण नाव, शाळा वगैरे देऊ नका.

शब्द किंवा आवाज एआयकडून करून घेतला तर?

तसं स्पष्ट लिहा. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाची भूमिका अशी की माणसाने न रचलेल्या भागाला हक्काचं संरक्षण नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर या प्रकारच्या गाण्यात त्याला जागा दिसत नाही. गाणं कुठल्या तोंडातून, कुठल्या घरातून आलं हेच तर ऐकायचं असतं.

यातून पैसे मिळतील का?

फार थोडे. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेल्याशिवाय रॉयल्टीच लागू होत नाही. थेट ऐकणाऱ्याकडून मिळणारी रक्कम, कार्यक्रमाचं बोलावणं, शिकवणी या वाटा हौशी माणसाला जास्त जवळच्या.

महिना झाला, कुणी ऐकलंच नाही.

आकड्याकडे कमी पाहा आणि ज्यांच्याविषयी गाणं आहे त्यांच्याकडे ते स्वतः पोहोचवा. विहिरी खणणाऱ्यांवर गाणं असेल तर विहिरी खणणाऱ्या एका माणसाला पाठवा आणि एकच नेमका प्रश्न विचारा: दुसऱ्या कडव्यातलं काम असंच करतात का? उत्तर येईल, चूक असेल तर दुरुस्त होईल, आणि तो माणूस ते पुढे पाठवेल. इतर गाणाऱ्यांची गाणी तुम्हीही शिकून गा, त्यांचं नाव घेऊन. ज्याचं गाणं आपण मनापासून गायलं, तो आपलं गाणं ऐकतोच.

जुनी रेकॉर्डिंग कशी सांभाळू?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. ऑनलाइन टाकलेली प्रत त्यात मोजू नका, कारण तिथे दर्जा बहुधा उतरलेला असतो. शब्दांचं टिपण साध्या मजकुराच्या फाइलमध्ये त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून, वाजवून पाहा.